एकच वही की अनेक वह्या?

(ग्वाल्हेर येथे स्थायिक झालेल्या महाजन कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



देवस्थानच्या स्मरणिकेत देवस्थानचा इतिहास यावा, उत्सवांची वर्णने यावीत, दिवंगत महाजनांचे पुण्यस्मरण व्हावे, हे उचितच आहे. अशा ठिकाणी संगणकाच्या हिशेबी प्रणालींवर मी काय बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझ्याही मनात तो आला होता. मी विद्वान नव्हे, अभियंता तर नव्हेच. सारा जन्म कारकुनीत गेला. परंतु कारकुनाला एक गोष्ट कळते. वही कशी ठेवावी यापेक्षा ती कोणी, केव्हा आणि कोणाच्या भरवशावर लिहावी, हा प्रश्न अधिक बिकट असतो.

या विषयाला निमित्त झाला माझा एक पुतण्या. मालनपुरास त्याचा खाद्यपदार्थांचा लहानसा कारखाना आहे. हिशेब एका प्रोग्रॅमवर, पगार दुसऱ्यावर, मालाचा साठा तिसऱ्यावर, आणि उत्पादनाचा तपशील फोरमनच्या एक्सेलच्या तक्त्यात, अशी त्याची व्यवस्था. एके दिवशी एका विक्रेत्याने येऊन सांगितले, की हे सारे काढून टाका आणि आमची एकच मोठी प्रणाली घ्या. दुसऱ्या दिवशी दुसरा आला. तो म्हणाला, की एकाच दुकानात सर्व जिन्नस चांगले मिळत नाहीत, ज्या कामाला जे उत्तम तेच घ्यावे. पुतण्याने मला विचारले, ‘‘काका, तुम्ही दोन्ही प्रकारांत काम केले आहे. मी काय करू?’’ त्याला जे सांगितले तेच आज थोडे विस्ताराने आपल्यापुढे ठेवतो. आपल्या कुटुंबांतील कितीतरी मुलेमुली आज कारखाने, औषधांची दुकाने, हॉटेले चालवीत आहेत. हा प्रश्न त्यांच्याही दारी आज ना उद्या येणारच.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. एकात्म प्रणाली म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, पगार आणि हिशेब यांची एकच सामाईक वही. गोदामात माल उतरला व त्याची नोंद झाली, की साठा वाढतो, त्याच क्षणी पुरवठादाराचे देणे उभे राहते, आणि त्याचे बिल आले म्हणजे मागणीपत्र, आवक आणि बिल हे तिन्ही कागद एकमेकांशी ताडून पाहता येतात. नोंद एकदाच होते, उपयोग सर्वांना होतो. विशेष प्रणाली म्हणजे एकाच कामासाठी घडविलेले हत्यार. हॉटेलच्या खोल्यांचे आरक्षण, औषधांच्या दुकानातील बॅच व मुदतीची नोंद, प्रयोगशाळेतील तपासण्या, ही तिची कामे. ती आपले काम फार उत्तम करते. मात्र शेजारच्या खात्यात काय चालले आहे, हे तिला ठाऊक नसते.

हा वाद संगणकाने जन्माला घातलेला नाही. पेशव्यांच्या पुण्यातील हुजूर दफ्तरात फड, बेहडा, सरंजाम अशा निरनिराळ्या शाखा होत्या. फडावरून सनदा व हुकूम निघत, बेहड्यात वसुलाचे अंदाजपत्रक बांधले जाई, सरंजामात सरंजामी गावांचा तपशील राही. प्रत्येक शाखेचे लेखन निराळे आणि त्यात मुरलेले कारकूनही निराळे. पण त्या सर्वांच्या पलीकडे एक दफ्तर होते. त्याचे नावच मोठे बोलके आहे: एकबेरीज. ठिकठिकाणचे हिशेब तेथे येत, त्यांचा तर्जुमा होई, खतावणी होई, आणि राज्याचा जमाखर्च एका नजरेखाली येई. म्हणजे विशेष कामाला विशेष माणूस आणि अखेरीस एक बेरीज, ही तोड आपल्या पूर्वजांनी काढली होती.

ग्वाल्हेरात बसून ही गोष्ट सांगताना मला विशेष आनंद होतो. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर, आणि पुढे शिंदेशाहीत नावारूपाला आलेले जिवबादादा बक्षी आणि लखबादादा लाड ही आपल्याच मुलखाकडची माणसे. तलवारीइतकाच त्यांना लेखणीचाही आधार होता. फौज कितीही मोठी असली, तरी तिच्या पगाराचा मेळ न बसला तर ती उभी राहत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

आता अलीकडच्या काळात येऊ. कारखान्यात कोणता कच्चा माल केव्हा व किती लागेल, याचे गणित संगणकावर मांडण्याची पद्धत जोसेफ ऑर्लिकी या गृहस्थांनी अमेरिकेत १९६४ च्या सुमारास बसविली. १९७२ साली जर्मनीत आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी सॅप ही कंपनी काढली. निरनिराळ्या खात्यांचे व्यवहार एकाच ठिकाणी नोंदले जावेत, ही त्यांची कल्पना. १९९० च्या सुमारास अशा प्रणालींना ईआरपी हे नाव पडले, आणि १९९२ मध्ये सॅपची आर-थ्री ही आवृत्ती आल्यानंतर मोठमोठ्या कंपन्यांत तिचा प्रसार झाला. आपल्याकडे लहान व्यापाऱ्याच्या गल्ल्याजवळ संगणक आणला तो मुख्यतः १९८६ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या टॅलीने. ती मुळात हिशेबाची प्रणाली. पुढे तिच्यात साठा, पगार, कर हेही आले. ज्यांच्या दुकानांतून जमाखर्चाच्या लाल वह्या गेल्या, त्यांच्यापैकी अनेकांची पहिली ओळख तिच्याशीच झाली.

आता माझ्या स्वतःच्या नोकरीतील एक हकीकत सांगतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. गोष्ट सुमारे वीस वर्षांपूर्वीची. आमच्याकडे वेष्टनासाठी पॉलिएस्टरची पातळ फिल्म लागे. खरेदी खाते ती किलोने विकत घेई, गोदामात ती रिळांनी येई आणि यंत्रावर ती मीटरने खर्ची पडे. खरेदीची प्रणाली एक, गोदामाची दुसरी, हिशेबाची तिसरी. गोदामाच्या प्रणालीत एका किलोचे साठ मीटर असे प्रमाण कोणीतरी पूर्वी घालून ठेवले होते. एक मीटर रुंदीच्या बारा मायक्रॉनच्या फिल्मला ते बरोबरही होते. पुढे ग्राहकाच्या मागणीवरून खरेदी खात्याने पंधरा मायक्रॉनची फिल्म मागविण्यास सुरुवात केली. फिल्म जाड झाली, तेव्हा एका किलोत अठ्ठेचाळीसच मीटर भरू लागले. खरेदीच्या कागदात ही जाडी स्पष्ट लिहिलेली होती. गोदामाच्या प्रणालीला मात्र तिची गंधवार्ता नव्हती.

हजार किलो माल आला, की वहीत साठ हजार मीटर जमा होत आणि प्रत्यक्षात अठ्ठेचाळीस हजारच असत. वर्षअखेरच्या मोजणीत फार मोठी तूट निघाली. ती तूट कोणाच्या दारात पडणार? गोदामपालाच्या. तो मुरार भागात राहणारा, अल्पभाषी, वक्तशीर मनुष्य होता. तुटीचा तक्ता तयार करून खाली सही केली ती मी. त्या तक्त्यावरून त्याला कामावरून दूर ठेवण्यात आले. जाताना तो माझ्या टेबलाशी थांबला आणि एवढेच म्हणाला, ‘‘बाबूजी, एक मीटर भी मैंने नहीं बेचा.’’

त्या वाक्याने माझी झोप उडाली. पुढे तीन रात्री बसून मी वर्षभराची बिले हाती घेतली आणि प्रत्येक रिळाचे वजन व लांबी ताडून पाहिली. तिसऱ्या रात्री माझी नजर एका बिलावरच्या ‘१५’ या आकड्यावर पडली. मागची बिले काढली, तर तेथे ‘१२’ होते. तूट जवळजवळ सारी तेवढ्यातच होती. मालक सज्जन होते, त्यांनी गोदामपालाला परत बोलाविले. पण सात आठवडे तो मनुष्य घरी बसला होता आणि गल्लीतल्या लोकांनी त्याला चोर ठरविले होते. वर्षभरातच तो नोकरी सोडून गेला. आकडा दुरुस्त झाला, पण माणसाची अब्रू काही बेरीज-वजाबाकीने भरून येत नाही. माझ्या सहीचे ओझे माझ्यावर आजही आहे.

एकात्म प्रणाली असती तर हे टळले असते काय? मी पुष्कळ विचार केला आहे. खरेदी खात्याला नव्या जाडीसाठी नवा जिन्नस-क्रमांक काढावा लागला असता आणि तो गोदामपालालाही दिसला असता, एवढा संभव खरा. परंतु त्यांनी जुन्याच क्रमांकावर माल मागविला असता, तर तीच चूक सर्व खात्यांत एकाच वेळी पसरली असती. मग तीन वह्या ताडून पाहण्याची सोयही राहिली नसती, कारण तिन्ही एकच बोलल्या असत्या. म्हणून खरा प्रश्न प्रणाली एक की अनेक, एवढाच नाही. जिन्नसाचे नाव, त्याचे माप आणि त्याचे प्रमाण ठरविण्याचा अधिकार कोणा एका जबाबदार माणसाकडे आहे की नाही, हा त्याच्याही आधीचा प्रश्न आहे.

जोडणी नसली म्हणजे काय होते, याचे याहून भयंकर उदाहरण साऱ्या देशाने पाहिले आहे. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पंजाब नॅशनल बँकेने मुंबईतील आपल्या एका शाखेतील सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा गैरव्यवहार जाहीर केला. पुढे हा आकडा आणखी वाढला. परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठविण्याची स्विफ्ट ही यंत्रणा एका बाजूला आणि बँकेच्या रोजच्या हिशेबाची मध्यवर्ती प्रणाली दुसऱ्या बाजूला, अशी तेथील स्थिती होती. दोहोंची आपोआप जोडणी नव्हती. त्यामुळे हमीपत्रे संदेशातून बाहेर गेली आणि हिशेबात त्यांची नोंदच झाली नाही. पाप करणारी माणसेच होती, यात शंका नाही. पण त्यांना लपावयास जागा मिळाली ती दोन वह्यांमधल्या फटीत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने ३० एप्रिल २०१८ पर्यंत या दोन यंत्रणा जोडून घेण्याचा आदेश बँकांना दिला.

हे ऐकून कोणी म्हणेल, की मग एकच मोठी प्रणाली घ्यावी आणि निश्चिंत व्हावे. तसेही नाही. अमेरिकेतील हर्शी ही चॉकलेटची प्रसिद्ध कंपनी. १९९९ च्या जुलैमध्ये तिने सॅपची मोठी प्रणाली, आणि तिच्या जोडीला मालवाहतुकीचे नियोजन व विक्री यांच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या प्रणाली, अशा तिन्ही एकदम सुरू केल्या. खर्च अकरा कोटी डॉलरांहून अधिक झाला होता. चार वर्षांचे काम अडीच वर्षांत उरकण्याची घाई केलेली होती. ऑक्टोबरात तेथे हॅलोविनचा सण, मुलांना मिठाई वाटण्याचा. गोदामात माल होता, दुकानांतून मागणी होती, परंतु प्रणालीला दोहोंची गाठ घालून देता येईना. सुमारे दहा कोटी डॉलरांच्या मागण्या वेळेवर पुऱ्या झाल्या नाहीत. आपल्याकडे ऐन दिवाळीत मिठाईवाल्याचे दुकान बंद पडावे, तसा हा प्रकार.

दुसरे उदाहरण जर्मनीतील लिडल या किराणा दुकानांच्या साखळीचे. २०११ च्या सुमारास तिने सॅपची प्रणाली बसविण्यास घेतली. लिडलची जुनी रीत मालाचा साठा खरेदीच्या किमतीने मोजण्याची, आणि प्रणालीची मूळ घडण विक्रीच्या किमतीने मोजण्याची. कंपनीने आपली रीत सोडली नाही, प्रणालीच कापून-शिवून घेण्याचे ठरविले. शिवता शिवता सात वर्षे गेली, सुमारे पन्नास कोटी युरो गेले, आणि २०१८ मध्ये ते सारे सोडून देऊन कंपनी आपल्या जुन्या व्यवस्थेकडे परतली. तयार अंगरखा विकत घेतला तर थोडे आपण अंग आखडावयाचे असते. ते जमत नसेल तर शिंप्याकडे जावे. तयार अंगरखा उसवून पुन्हा शिवणे हा सर्वांत महागडा मार्ग.

विशेष प्रणालींतही एक धोका असतो. पुष्कळ लहान कारखान्यांत कोणीतरी हुशार मुलगा आपल्या गरजेपुरती एक प्रणाली लिहून देतो. ती उत्तम चालते. पुढे तो मुलगा बंगळूरला किंवा परदेशी जातो, आणि तिच्या पोटात काय आहे हे कोणासच ठाऊक नसते. येथे मला आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यातील गंगाजळीची आठवण होते. जयाजीराव महाराजांनी खजिना किल्ल्याच्या तळघरांत ठेवला होता आणि त्याचे बीजक फक्त त्यांनाच ठाऊक होते, असे सांगतात. १८८६ मध्ये महाराज निवर्तले, तेव्हा माधवराव महाराज अवघे नऊ वर्षांचे होते. बीजक सांगावयाचे राहून गेले. खजिना होता, पण वाट नव्हती, आणि तो हाती लागेपर्यंत बरीच वर्षे जावी लागली, अशी आख्यायिका आहे. ज्या प्रणालीचे बीजक एकाच माणसाच्या डोक्यात आहे, ती कितीही चांगली असली तरी बंद तळघरासारखीच आहे.

कायद्याच्या अंगानेही आता पूर्वीची मोकळीक राहिलेली नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. इलेक्ट्रॉनिक बीजक ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींवरील उलाढालीच्या व्यवसायांना लागू झाले, आणि टप्प्याटप्प्याने ही मर्यादा उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. मला हा नियम फार आवडला. जुन्या रोजकीर्दीत खाडाखोड केली तर ती दिसे. मधल्या काळात संगणकाने खाडाखोड अदृश्य केली होती, ती कायद्याने पुन्हा दृश्य केली. तेव्हा प्रणाली एक घ्या वा चार घ्या, हिशेबाशी संबंध असलेल्या प्रत्येकीत ही सोय आहे ना, हे लेखापरीक्षकाला विचारल्यावाचून पैसे मोजू नका.

आता पुतण्याला मी काय सांगितले ते सांगतो. मी त्याला म्हटले, की विक्रेत्याला बोलावण्यापूर्वी एक दिवस कारखान्यात मालाच्या मागोमाग चाल. मैद्याचे पोते दारात आल्यापासून बिस्किटाचा पुडा दुकानात जाईपर्यंत तोच आकडा किती ठिकाणी, किती जण लिहितात, ते मोज. जेथे एकच आकडा तीनदा लिहिला जातो, तेथे एकत्रीकरणाची गरज आहे. त्याने मोजले. खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब या चार ठिकाणी तोच आकडा फिरत होता. पगाराचा आकडा महिन्यातून एकदाच हिशेबात येत होता. प्रयोगशाळेतील तपासणीचा आकडा तर हिशेबात येतच नव्हता. फक्त ‘माल सोडावा’ किंवा ‘रोखावा’ एवढाच निरोप येत होता.

त्यावरून निर्णय जवळजवळ आपोआप झाला. ती चार खाती एका मध्यम आकाराच्या एकात्म प्रणालीत घ्यावीत. बॅच आणि मुदत यांची सोय तीत असलीच पाहिजे, कारण धंदा खाण्याच्या वस्तूंचा आहे. पगाराची आणि प्रयोगशाळेची प्रणाली आहे तशीच चालू द्यावी. पगाराची एक बेरीज दरमहा हिशेबात यावी आणि प्रयोगशाळेची संमती आल्यावाचून गोदामातून बॅच सुटू नये, एवढी जोडणी करून घ्यावी. मोठ्या विक्रेत्याची प्रचंड प्रणाली सत्तर कामगारांच्या कारखान्याला पेलणारी नाही. परवान्याची किंमत ही तर केवळ सुरुवात. जुन्या नोंदी साफ करणे, माणसांना शिकविणे, दरवर्षीची देखभाल, प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे, हे सारे कागदावर लिहून घेतल्याशिवाय किंमत कळत नाही.

आणखी चार गोष्टी मी त्याला बजावल्या. पहिली, जिन्नसांची यादी आधी साफ कर, आणि तिच्यात भर घालण्याचा अधिकार एकाच माणसाला दे. दुसरी, उद्या विक्रेता बदलावा लागला तर आपल्या सर्व नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील, हे करारात लिहून घे. तिसरी, सणाच्या तोंडावर नवी प्रणाली सुरू करू नकोस. हंगाम मंद असताना कर, आणि किमान दोन महिने जुनी वही बाजूला चालू ठेव. चौथी, तूट निघाली तर आधी प्रणाली तपास, मग माणूस. ही चौथी गोष्ट सांगताना माझा आवाज किंचित कापला असावा, कारण त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले.

अखेरीस आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. आपण महाजन आहोत. गोव्यातील देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज अमदानीपासून मझानियांच्या नियमांप्रमाणे चालत आला. १८८६ चा नियम आणि त्यानंतरचा १९३३ चा, हे आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात नेहमी येत. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मुखत्यार अशी कामाची वाटणी असते. लिहिणारा हात निराळा आणि पैसा सांभाळणारा हात निराळा. हे काही अविश्वासाने केलेले नाही. चांगल्या माणसावर खोटा आळ येऊ नये, यासाठी केलेली ती तजवीज आहे. एकात्म प्रणालीत सर्व वह्या एका पडद्यावर येतात, तेव्हा हे हात एकत्र होण्याचा मोह फार होतो. एकच कारकून मागणी नोंदवितो, तोच माल जमा करतो, तोच पैसे देतो. वही एक असो, पण किल्ल्या निरनिराळ्या हातांत असाव्यात. प्रत्येकाचा परवलीचा शब्द वेगळा असावा आणि तो टेबलावर चिठ्ठी लावून चिकटविलेला नसावा.

बंधुभगिनींनो, हिशेब हा केवळ पैशाचा नसतो. तो कोणाच्या तरी प्रामाणिकपणाची साक्ष असतो. ती साक्ष खरी पडेल अशी व्यवस्था जी देते, ती प्रणाली चांगली, मग ती एक असो की अनेक. तरुण मंडळींनी निवड करताना दर आणि दिमाख पाहावाच, पण गोदामात उभ्या असलेल्या त्या अबोल माणसाकडेही एकदा पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

 देवाच्या कृपेने आपणा सर्वांच्या वह्यांचा मेळ सदैव बसो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.